केन्सिंग्टनचा मंडप आणि बेदखल कट्टे

निरनिराळ्या भाषांचे आणि पंथांचे लोक ज्या शहरात रोज येऊन भर घालतात, त्या शहराने सर्वांनी एकत्र बसावे म्हणून एखादी जागा बांधायची ठरविली तर ती कशी असावी? नागरी संस्कृतीचा विषय निघाला की वर्गात हा प्रश्न हमखास येतो. त्याला उत्तर देण्याचा एक गंभीर प्रयत्न म्हणून २०२१ च्या सर्पेंटाइन मंडपाकडे पाहता येईल.

लंडनच्या केन्सिंग्टन गार्डन्समधील सर्पेंटाइन गॅलरी २००० पासून उन्हाळ्यापुरता एक मंडप उभारून घेते. पहिला झाहा हदीद यांचा होता. २०२१ चा मंडप सुमय्या वली यांनी रचला. त्या दक्षिण आफ्रिकेच्या, ‘काउंटरस्पेस’ या संस्थेच्या, आणि या कामासाठी तोवर निवडलेल्या वास्तुविशारदांत सर्वांत तरुण. खरे तर तो २०२० मध्येच व्हायचा. कोविडमुळे वर्षभर लांबला.

वलींनी आरंभ आकारापासून केला नाही, ही त्यांची मोठी जमेची बाजू. स्थलांतरितांनी लंडनमध्ये कोठे कोठे बैठक जमविली, याचा त्यांनी आधी शोध घेतला. मशिदी, बाजार, उपाहारगृहे, पुस्तकांची दुकाने. त्यांच्या यादीत ईस्ट लंडन मशीद आहे. तिच्यासाठीचा निधी १९१० मध्ये सुरू झाला तेव्हा पुढाकार घेणाऱ्यांत सय्यद अमीर अली होते. १९६८ मध्ये उघडलेले नॉटिंग हिलचे ‘मँग्रोव्ह’ उपाहारगृह आहे, हॅकनीचे ‘सेंटरप्राइझ’ हे पुस्तककेंद्रही आहे. यांतल्या काही जागा आज उरलेल्या नाहीत. सेंटरप्राइझ २०१२ मध्ये बंद पडले. डाल्स्टनचा ‘फोर एसेस’ हा संगीत-क्लब २००७ मध्ये पाडला गेला. अशा जागांच्या पायऱ्या, कमानी, ओटे, खांब यांचे तुकडे घेऊन, जोडून, एकमेकांवर रचून हा मंडप झाला. सांगाडा पुनर्वापरातल्या पोलादाचा, त्यावर बूच आणि लाकूड, व वरून सूक्ष्म सिमेंटचा लेप.

माझा आक्षेप या लेपाशीच आहे. (वास्तू मी प्रत्यक्ष पाहिलेली नाही, आराखडे आणि छायाचित्रे यांवरून लिहीत आहे, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.) गुलाबी, तपकिरी आणि करड्या छटांत सगळे तुकडे इतके एकजीव होतात की कोणता ओटा कोणत्या मोहल्ल्याचा हे ओळखू येत नाही. मुशायऱ्यात दुसऱ्याचा शेर ऐकविणारा शायराचे नाव सांगतो. येथे शेर आहेत, शायर नाहीत. पाडलेल्या क्लबची आठवण जागविणारा कोपरा आणि नुसता देखणा कोपरा यांतला फरक पाहणाऱ्याला कळला नाही, तर आधीच्या सगळ्या शोधाचा त्याला काय उपयोग? ‘अमूर्तता’ असे उत्तर यावर देता येईल. पण विस्मृतीही अमूर्तच असते.

परस्परसंवादी म्हटले की आजकाल पडदे आणि कळा डोळ्यांसमोर येतात. वलींनी तो मोह टाळला, हे बरे झाले. येथे संवाद बसण्यातून होतो. निरनिराळ्या उंचीचे टप्पे, दोघांपुरते कोनाडे, जमावापुरती मोकळी जागा. जोडीला शहराच्या कमी ऐकल्या गेलेल्या वस्त्यांवरच्या ध्वनिकृती होत्या. आपल्या ‘कट्टा’ या शब्दाला इंग्रजीत नेमका शब्द सापडत नाही, पण या रचनेत तो पुष्कळसा सापडतो.

तरीही कट्ट्यावर माणसे आपोआप येतात, उद्यानात मुद्दाम जावे लागते. केन्सिंग्टन हा शहराचा श्रीमंत भाग. बार्किंगच्या रहिवाशाला तो जवळचा नाही. वलींना हे उमगले होते असे दिसते, कारण मंडपाचे चार तुकडे त्यांनी बाहेर पाठविले : फिन्सबरी पार्कचे न्यू बीकन बुक्स, नॉटिंग हिलचे टॅबर्नेकल, डेप्टफर्डचे आल्बनी आणि बार्किंग व डॅगनम भागातले व्हॅलेन्स ग्रंथालय. त्या उपक्रमाच्या इतिहासात असे प्रथमच घडले. यांपैकी न्यू बीकन हे १९६६ मध्ये जॉन ला रोझ आणि सेरा व्हाइट यांनी सुरू केलेले, कृष्णवर्णीयांच्या साहित्याला वाहिलेले दुकान. ज्यांच्याकडून घेतले त्यांच्याकडे काहीतरी परत गेले. मुख्य मंडपावर समीक्षकांनी भरभरून लिहिले, या चार तुकड्यांवर त्या मानाने फारच थोडे. मला मात्र मंडपापेक्षा हे तुकडेच अधिक टिकाऊ काम वाटते, कारण ते अशा दारांशी ठेवले होते जिथे माणसांची ये-जा आधीपासूनच होती, आणि तिथे ओटा कोणाचा हे कोणाला सांगावे लागत नव्हते.