अद्भुताची भाषा आणि खानदेशातील कुमार वाचक

मराठी कुमारवाङ्मयाचा विचार करताना 'यातून मुलांनी काय घ्यावयाचे?' हा प्रश्न इतक्या सहजतेने पुढे येतो की, 'मुलांना यात काय आवडते?' हा त्याच्या आधीचा प्रश्न विचारावयाचाच राहून जातो. अद्भुतरम्य कादंबरी आणि विज्ञानकादंबरी या दोन प्रकारांच्या बाबतीत ही उपेक्षा विशेष हानिकारक ठरली आहे. बारा ते सोळा या वयाचा वाचक या पुस्तकांकडे वळतो तो केवळ आनंदासाठी. कोणी सांगितले म्हणून तो ती वाचीत नाही. पुष्कळदा कोणी नको म्हणत असतानाही वाचतो. या आनंदाचे स्वरूप काय, आणि तो ज्या भाषेतून मिळतो ती भाषा कशी असावी, याचा विचार जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांतील वाचकाला समोर ठेवून करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

संस्कृत काव्यशास्त्राने अद्भुताला स्वतंत्र रसाचे स्थान दिले आणि विस्मय हा त्याचा स्थायीभाव मानला. विस्मयाला स्वतःबाहेरचे प्रयोजन लागत नाही. पाठ्यपुस्तकातील न समजलेला भाग पुन्हा वाचावा लागतो. अद्भुत कादंबरीतील पुरता समजलेला भागही पुन्हा वाचावासा वाटतो. या एका भेदातच आनंदासाठी केलेल्या वाचनाचे लक्षण सामावलेले आहे. व्यवसायाने भाषाशास्त्रज्ञ असलेले इंग्रज कादंबरीकार टोल्कीन यांनी १९३९ साली दिलेल्या परीकथांवरील व्याख्यानात हाच मुद्दा वेगळ्या रीतीने मांडला. कल्पित जग आतून सुसंगत असेल, तर वाचक त्यात शिरतो आणि आत असेतोवर त्यावर विश्वास ठेवतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. ही सुसंगती अखेर भाषेनेच निर्माण करावयाची असते. अशक्य घटना शक्य वाटावयाची, तर ती सांगणारा आवाज ओळखीचा असावा लागतो.

मराठीत या प्रकारांची परंपरा लहान नाही. विसाव्या शतकाच्या आरंभीच 'केरळ कोकिळ' मासिकातून ज्यूल व्हर्नची चंद्रयात्रा मराठी वाचकांपुढे आली. पुढे भा. रा. भागवतांनी व्हर्न कुमारांसाठी मराठीत आणला. त्यांच्या पुस्तकांची नावेच भाषादृष्ट्या अभ्यसनीय आहेत. 'मुक्काम शेंडेनक्षत्र' या नावात 'मुक्काम' हा पत्रावरच्या पत्त्यातील शब्द आहे, तर 'शेंडेनक्षत्र' हा घरातील वडीलधाऱ्यांच्या तोंडचा. 'धूमकेतू' हा ग्रांथिक शब्द उपलब्ध असता भागवतांनी तो बाजूला ठेवला. परिणामी शीर्षक वाचताच कोणी ओळखीचे माणूस धूमकेतूवर राहावयास गेले आहे आणि तेथून पत्र पाठवीत आहे, असा भास होतो. 'उडती छबकडी' या नावात तर वृत्तपत्रांनी रूढ केलेल्या 'उडत्या तबकडी'तील एकच अक्षर बदलले आहे. पण त्या एका अक्षराने परग्रहावरचे यान घरातल्या गोंडस पोरीसारखे होऊन बसते. भीती आणि लाड एकाच शब्दात आणणारी ही कृती अनुवादाच्या पलीकडची आहे.

जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांची वाट वेगळी आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठविली ती नारायण विनायक जगताप या नावाने, म्हणजे स्वतःची आद्याक्षरे उलट करून. कथा पारितोषिकास पात्र ठरली ती शास्त्रज्ञाच्या कीर्तीचा आधार न घेता. 'यक्षांची देणगी', 'अंतराळातील भस्मासूर', 'वामन परत न आला' या शीर्षकांत एक निश्चित रचना दिसते. नव्या वस्तूला पुराणातील नाव दिले जाते आणि त्या नावाबरोबर तिची गोष्टही वाचकाच्या मनात आपोआप येते. वामन म्हटले की लहान वस्तू मोठी होणार, हे मराठी मुलाला सांगावे लागत नाही. हे लेखन केवळ कुमारांसाठी नाही. तरी कुमारांनी ते आपलेसे केले, त्याचे एक कारण निवेदनाच्या संयत साधेपणात आहे. वाक्य छोटे असते, विशेषणे मोजकी असतात आणि अद्भुत घटना जणू कचेरीतील नोंद करावी तशा शांतपणे सांगितली जाते. उणीव आहे ती संवादांत. नारळीकरांची पात्रे बहुधा एकाच सुशिक्षित वळणाने बोलतात. कोण बोलत आहे हे नाव झाकले तर ओळखणे अवघड जाते.

अनुवादातही हाच नियम दिसतो. रोलिंगबाईंच्या १९९७ सालच्या पहिल्या कादंबरीला मराठीत 'हॅरी पॉटर आणि परीस' हे नाव मिळाले. मूळ शीर्षकातील दगड युरोपीय किमयेच्या इतिहासातून आलेला आहे. 'परीस' हा शब्द संतवाणीतून आणि म्हणींतून मराठी मनात आधीच मुरलेला असल्याने वाचकाला येथे टीप लागत नाही. परके जग आपल्या शब्दाच्या दारातून आत येते.

याच्या उलट, कुमारांसाठी म्हणून लिहिलेल्या पुष्कळ मराठी विज्ञानकथांत दोन दोष वारंवार आढळतात. पहिला दोष व्याख्यानाचा. कथेत कोणी शास्त्रज्ञ काका असतात. संकट ऐन भरात आलेले असताना ते गुरुत्वाकर्षण म्हणजे काय हे समजावून देऊ लागतात आणि मुले माना डोलावतात. वस्तुतः 'कपातला चहा कपातच राहीना, त्याचा गोळा होऊन तो हवेत तरंगू लागला' एवढे एक वाक्य तेच काम करते. विस्मय आधी आणि स्पष्टीकरण मागाहून, हा क्रम उलटला की कथेचा धडा होतो. दुसरा दोष शब्दांचा. अद्भुतता घटनेत साधली नाही की ती शब्दांत शोधली जाते. डोळ्यांचे नेत्र होतात, आवाजाचा ध्वनी होतो आणि साधे दार प्रवेशद्वार होऊन बसते. शब्द जड झाला म्हणून वस्तू अद्भुत होत नाही. 'कृष्णविवर' हा शब्द जड असूनही टिकला, कारण त्या वस्तूला दुसरे नाव नव्हते.

हे दोष कोणत्याही मराठी वाचकाला जाचतात. खानदेशातील वाचकाला ते दुपटीने जाचतात, आणि याचे कारण भाषिक आहे. धुळे जिल्ह्यात आणि जळगावच्या पश्चिम भागात असंख्य घरांची बोली अहिराणी आहे; पूर्वेकडे यावल, रावेर, भुसावळ या भागात लेवाबोली ऐकू येते. ग्रिअर्सनच्या भाषासर्वेक्षणाने १९०७ साली खानदेशीला भिल्ली भाषांच्या खंडात घातले. २०११ च्या जनगणनेत 'खानदेशी' ही मातृभाषा म्हणून साडेअठरा लाखांहून अधिक लोकांनी नोंदविली. ही बोली घरात बोलून मातृभाषेच्या रकान्यात मराठी लिहिणारे यात धरलेले नाहीत. अहिराणीत 'आहे' याला 'शे' म्हणतात, 'माझा' याला 'मना' आणि 'मला' याला 'माले'. 'हाई काय शे?' असे घरी विचारणारे मूल शाळेत 'हे काय आहे?' असे लिहावयास शिकते. म्हणजे ग्रांथिक मराठी ही त्याने शाळेत जाऊन कमावलेली भाषा आहे. ज्या भाषेत चुकले की लाल रेघ उमटते, ती ही भाषा.

आता या मुलाच्या हाती पडणाऱ्या अद्भुत कादंबरीचा विचार करावा. त्याने ऐकलेले अद्भुत, म्हणजे विहिरीतल्या आसरा, पिंपळावरचा मुंजा, राक्षसांच्या आणि जादूच्या गोष्टी, त्याच्यापर्यंत बोलीतून आलेले असते. छापील अद्भुत मात्र शाळेच्या भाषेत येते. ते व्याख्यान देऊ लागले आणि जड शब्द वापरू लागले, तर मुलाला ते पाठ्यपुस्तकच वाटणार. उलट गोष्ट वेगवान असेल, निवेदन साधे असेल, तर तेच मूल दोनशे पाने ग्रांथिक मराठी एका बैठकीत वाचून काढते, आणि त्या दोनशे पानांत त्याला कोणी एकही प्रश्न विचारीत नाही. प्रमाणभाषा परीक्षेवाचून भेटावी, असे प्रसंग या मुलाच्या आयुष्यात थोडेच येतात. केवळ मनोरंजन म्हणून हिणविले जाणारे हे वाचन त्यांपैकी एक आहे, आणि म्हणूनच ते बोधाच्या ओझ्याखाली दडपणे म्हणजे त्याचा तेवढा एक मोकळा रस्ता बंद करणे होय.

बोधाच्या आग्रहाची परंपरा खानदेशाला परकी नाही. साने गुरुजींनी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात अध्यापन केले. मुलांसाठी लिहावयाचे ते संस्कारासाठी, या दृष्टीला त्यांच्या लेखनाने मोठी प्रतिष्ठा दिली. परंतु गुरुजींच्या गोष्टी मुलांनी वाचल्या त्या केवळ संस्कारासाठी, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. त्यांचे वाक्य बोलल्यासारखे आहे, ते लहान आहे आणि कथेला ते थांबू देत नाही. अनुयायांनी त्यांचा हेतू उचलला आणि वाक्य तेथेच ठेवले.

येथे एक आक्षेप घेतला जाणे स्वाभाविक आहे. कादंबरीतील पात्रांच्या तोंडी अहिराणी किंवा लेवाबोली घातली, तर पुण्या-कोल्हापूरचा वाचक दुरावेल आणि प्रकाशक धजावणार नाहीत. याचे उत्तर जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांनी देऊन ठेवले आहे. त्यांची गाणी १९५२ साली ग्रंथरूपाने आली. लेवाबोलीतील त्या रचना अवघ्या महाराष्ट्राने आपल्या मानल्या. बोली कोणाच्याही आड आली नाही. कवितेत जे साधले ते कादंबरीतील संवादांत साधू नये, याला भाषाशास्त्रीय कारण नाही. निवेदन प्रमाणभाषेत आणि संवाद बोलीत, ही विभागणी ग्रामीण कथेने केव्हाच रूढ केली आहे. अद्भुत आणि विज्ञान या प्रकारांत मात्र ती क्वचितच दिसते. जणू परग्रहावरचा प्राणी भेटला की माणसाने आपली बोली विसरलीच पाहिजे! वास्तविक भयाच्या आणि आश्चर्याच्या क्षणी माणूस घरचीच भाषा बोलतो. 'हाई काय शे?' हा उद्गार अशा प्रसंगी जितका खरा, तितका 'अहो आश्चर्यम्' कधीच होणार नाही.

विषयांची वाण आहे असेही म्हणता येत नाही. १८४३ साली खानदेशात एदलाबादजवळच्या मानेगाव येथे आकाशातून दगड पडला. त्या जातीच्या अशनींचे मूळ शास्त्रज्ञ वेस्टा या लघुग्रहात शोधतात. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांची रांगच्या रांग उभी आहे आणि त्याच तालुक्यात सूर्यप्रकाशापासून वीज निर्माण करणारा मोठा प्रकल्प आहे. उत्तरेला सातपुडा आहे, मधून तापी वाहते. आभाळातून पडलेला दगड आणि डोंगरावरची फिरती पाती रोज पाहणाऱ्या मुलाला न्यूयॉर्कवर उतरणारे यान तेवढे छापून मिळावे, ही विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे.

तेव्हा या प्रकारांच्या समीक्षेने आपली कसोटी बदलावयास हवी. पुस्तकातील विज्ञान बिनचूक आहे काय आणि त्यातून संस्कार होतो काय, हे प्रश्न निरर्थक नाहीत. परंतु ते दुसऱ्या क्रमांकाचे आहेत. पहिला प्रश्न असा की, सक्ती नसताना मूल हे पुस्तक संपवील काय. दुसरे पान तो स्वतःच्या इच्छेने उलटील काय, याचा निर्णय पहिल्या पानावरची भाषा करीत असते. ती भाषा साधी, ठिकाणाला धरून असलेली आणि विस्मयाला वाट मोकळी करून देणारी असेल, तर धुळ्याच्या किंवा जळगावच्या वाचनालयातून नेलेले पुस्तक मुदत संपण्यापूर्वीच परत येईल, आणि नेणारा त्याच लेखकाचे दुसरे मागेल. या प्रकारच्या वाङ्मयाला याहून विश्वासार्ह अभिप्राय मिळणे कठीण आहे.