आमचा माणूस पडद्यावर हसतो का?

मी समीक्षक नाही. हे आधीच सांगून टाकतो. नंतर कुणी म्हणायला नको की यांना चित्रपटाची भाषा कळत नाही. नसेल कळत. पण पडद्यावरचा माणूस कळतो. पालिकेच्या दवाखान्यात वॉर्डबॉय म्हणून माझा जन्म गेला. ड्युटी सुटली की थेटर. गावाकडं जत्रेतल्या तंबूत मातीवर बसून पिच्चर बघितले. मुंबईत आल्यावर पहिल्या रांगेत मान मोडून बघितले. आता पोराच्या पैशानं थंडगार हॉलमध्ये बघतो. तिथं मक्याच्या लाह्यांचा एक पुडा आमच्या चाळीच्या जुन्या भाड्यापेक्षा महाग पडतो. दादा कोंडके बघितला, अमिताभ बघितला, सत्यजित रेही बघितला. तेव्हा ही मतं एका तिकीटवाल्याची आहेत. पटली तर घ्या, नाहीतर रद्दीत घाला.

सुरुवात माझ्या आयपासून करतो. सत्यजित रे यांनी 1981 साली प्रेमचंदांच्या कथेवर दूरदर्शनसाठी 'सद्गती' केला. तो टीव्हीवर लागला तेव्हा चाळीत ज्याच्या घरी टीव्ही होता त्याच्या दारात आम्ही पंधरावीस जण बसलेलो. दुखी चांभार पोरीच्या लग्नाचा मुहूर्त काढून घ्यायला बामणाच्या दारी जातो. बामण त्याला आधी लाकूड फोडायला लावतो. पोटात अन्न नाही, अंगात ताप. ओंडका फुटत नाही, दुखी फुटतो. तिथंच मरतो. मग बामण त्याच्या पायाला दोर लावून मढं ओढत नेतो. ओम पुरीनं काम असं केलंय की बघणाऱ्याच्या घशात गाठ येते. सगळी चाळ गप्प झाली. मी डोळे पुसले.

आय मात्र रडली नाही. हिंदी तिला अर्धीच कळायची. पण कुऱ्हाड आणि ओंडका कळायला हिंदी कशाला लागते? ती म्हणाली, "ह्यो गडी शिवी का देत न्हाय रं? तुझा बा पाटलाची लाकडं फोडायचा तवा दर घावाला पाटलाची एकेक पिढी उद्धरायचा."

बाईचं बोलणं मी तेव्हा हसण्यावारी नेलं. पण ते डोक्यात बसलं ते बसलंच.

खरं होतं ते. माझा बा सातारा जिल्ह्यातल्या एका गावचा येसकर. पाटलाच्या वाड्यापुढं लाकडं फोडायचा. कपाळ जमिनीला लागंल इतका वाकून जोहार घालायचा. आणि रात्री महारवाड्यात आला की धोतराचा सोगा हातात धरून पाटील होऊन चालायचा. पाटील खाकरतो कसा, तपकीर ओढून शिंकतो कसा, बायकोपुढं शेपूट घालतो कसा, सगळं करून दाखवायचा. अख्खा वाडा पोट धरून हसायचा. भाकरी अर्धी असायची, हसणं पुरं असायचं. दिवसा वाकलेला माणूस रात्री असा ताठ व्हायचा. त्यानं सकाळची लाकडं टळायची नाहीत, हे मलाही माहीत आहे. पण पाटील मोठा नाही हे आम्हा पोरांना आधी त्या नकलेतून कळलं, बाबासाहेबांची पुस्तकं नंतर हातात आली.

हा माझा बा मी पन्नास वर्षं पडद्यावर शोधतोय. मिळत नाही.

दुखीला राग येतच नाही असं नाही. येतो. पण तो सगळा त्या ओंडक्यावर निघतो. रे मोठा माणूस. बामणाचं सोवळं त्यानं असं उघडं पाडलं की सोललेल्या कांद्यासारखं. पण दुखीच्या घरात संध्याकाळी काय बोलणं चालायचं, ते त्यानं ऐकलेलं नव्हतं. त्यानं दुखीला बामणाच्या ओसरीवरून बघितलं. कळवळ्यानं बघितलं, पण बघितलं तिथूनच.

त्याच्याही आधीचं बघा. 1936 चा 'अछूत कन्या'. देविका राणी अस्पृश्याची पोर झालेली. शेवटी दुसऱ्यांचा जीव वाचवताना आगगाडीखाली जाते. 1959 चा बिमल रॉय यांचा 'सुजाता'. नूतन मला फार आवडते, आजही हा पिच्चर लागला तर मी उठत नाही. पण त्यात होतं काय? घरात वाढवलेली अस्पृश्याची पोर. आई तिला आपली म्हणत नाही, आपल्यासारखी म्हणते. शेवटी आईला रक्त लागतं, ते फक्त सुजाताचंच जुळतं. रक्त दिल्यावर ती मुलगी होते. वा रे न्याय! आमच्या पोरीनं घरात यायचं तर बाटली भरून रक्त द्यायचं. मी तीस वर्षं रक्ताच्या बाटल्या या वॉर्डातून त्या वॉर्डात नेल्या. बाटलीवर गट लिहिलेला असतो, जात नसते. पण रक्त चढलेला माणूस घरी जाऊन रक्त देणाऱ्याच्या ताटात जेवला, असं काही माझ्या कानावर आलं नाही. आणि समजा, सुजाताचं रक्त जुळलंच नसतं तर? ती सालस, सोशिक, कामसू. तिनं कधी एखादी खोडी केलीय? कुणाची नक्कल केलीय? आमच्या माणसानं पडद्यावर यायचं तर आधी देव व्हायचं, नाहीतर मढं व्हायचं. मधलं काही नाही.

श्याम बेनेगल यांचा 1974 चा 'अंकुर' बघून मी खुर्चीत ताठ बसलो. शबाना आझमीची लक्ष्मी शेवटी जमीनदाराच्या पोराला तळतळून शाप देते. माझ्या आयला ती आवडली असती. आणि त्या लहान पोरानं मारलेला दगड! काच फुटते, पिच्चर संपतो. आम्ही शिट्ट्या मारल्या. पण घरी येताना मनात आलं, लक्ष्मीचा नवरा किष्टय्या मुका आणि बहिरा दाखवलाय. सगळ्या गावात जीभ नसलेला माणूस नेमका खालच्या जातीतलाच सापडला का? दिग्दर्शकाचा हेतू वाईट नव्हता, मला मान्य. पण मुक्याचा नायक होणं आता आम्हाला पुरत नाही. 1920 साली बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढला तो मुके राहण्यासाठी नव्हे.

आता कबुली देतो. त्या काळात आमच्या चाळीतली पोरं 'अंकुर'ला नव्हे, 1975 च्या 'दीवार'ला पाचपाच वेळा गेली. मीही गेलो. का गेलो? बूटपॉलिश करणारं पोरगं फेकलेले पैसे उचलत नाही, म्हणून गेलो. आमच्या हातावर दुकानदार पैसे वरून टाकायचा, हाताला हात लागू नये म्हणून. ते पोरगं पैसे हातात द्यायला लावतं. हे बघायला मी पाच वेळा पैसे मोजले. विजयला आम्ही आमचाच समजून बसलो. त्याचं आडनाव वर्मा आहे याकडं लक्षच गेलं नाही. आमचा राग पडद्यावर आला, पण आडनाव दुसऱ्याचं लावून आला.

मग बघा गंमत. तोच अमिताभ 2022 साली नागराज मंजुळे यांच्या 'झुंड'मध्ये पुन्हा विजय झाला. या वेळी विजय बोराडे. नागपुरातल्या झोपडपट्टीतल्या पोरांना फुटबॉल शिकवणारा मास्तर. आणि भीमजयंतीच्या मिरवणुकीत बाबासाहेबांच्या तसबिरीपुढं हात जोडून उभा राहतो. थेटरात माझ्या शेजारी बसलेली माझी बायको हळूच म्हणाली, "अहो, आला बघा एकदाचा." सत्तेचाळीस वर्षं लागली त्याला 'दीवार'वरून इथं यायला. पण 'झुंड'मध्ये मला अमिताभपेक्षा ती पोरं आवडली. शिव्या देतात, टगेगिरी करतात, एकमेकांची उडवतात. मास्तरच्या घरात बसून एकेक जण आपली कहाणी सांगतो, तेव्हा हसता हसता रडू येतं. पिच्चर लांबलाय, दुसरा अर्धा ढिला आहे, हे मीही म्हणतो. पण तिथं कुणी देव नाही.

याच माणसाचा 'फँड्री'. 2013 चा, थेटरात लागला फेब्रुवारी 2014 मध्ये. जब्या कैकाड्याचं पोर. तोंडाला पावडर लावतं, जीनची पँट पाहिजे म्हणतं, वर्गातल्या शालूवर जीव टाकतं, काळ्या चिमणीमागं रानोमाळ फिरतं. पहिल्यांदा मला वाटलं, हां, हे आमचं पोरगं! याला दुःखाशिवाय दुसरंही काही हवंय. मग ते डुकराच्या शिकारीचं दृश्य येतं. जब्याचं घरदार डुकरामागं धावतंय आणि गाव भिंतीवर बसून हसतंय. मध्येच शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. डुक्कर टप्प्यात असताना हे सगळे जागच्या जागी उभे राहतात. डुक्कर पळून जातं. थेटरात हशा पिकला.

मीही हसलो.

हे लिहायला लाज वाटते, पण लिहिलं पाहिजे. मी हसलो आणि तोंड मिटता मिटता कळलं की मी त्या भिंतीवर बसलोय. येसकराचा पोरगा, बाबासाहेबांचं नाव सांगणारा, दवाखान्यात पेन्शन लागलेला. कैकाड्याला मी कधी माझ्या पंगतीला घेतलं होतं? पुढं ते डुक्कर खांद्यावर घेऊन शाळेच्या भिंतीवरून जातात. भिंतीवर फुले, सावित्रीबाई, बाबासाहेब, गाडगेबाबा. आणि शेवटी जब्यानं मारलेला दगड सरळ माझ्या तोंडावर आला. 'अंकुर'चा दगड जमीनदाराच्या काचेवर होता, तेव्हा मी शिट्टी मारली. हा दगड लागला तेव्हा शिट्टी सुचली नाही. माझ्या मते मराठीत यापेक्षा मोठा पिच्चर झालेला नाही. कुणाचं हसणं कुणावर, हा हिशोब त्यानं मांडला.

'सैराट' मी 2016 साली लालबागच्या भारतमातात बघितला. पोरं पडद्यापुढं नाचत होती. परशा कोळ्याच्या घरचा, आर्ची पाटलाची. पहिला अर्धा पिच्चर आमचं पोरगं नुसतं हसतंय. विहिरीत उड्या टाकतंय, क्रिकेट खेळतंय. आणि शेवटी ते लहान लेकरू रक्तात पाय भरून चालत जातं, आवाजसुद्धा बंद. थेटरातून माणसं मयताला आल्यासारखी बाहेर पडली. बायको चिडली. म्हणाली, "इतकं हसवायचं आणि मग मारायचं, हा कुठला न्याय?" मी चार दिवस विचार केला. माझं उत्तर असं आहे. दुखी मेला तेव्हा मला दया आली. परशा मेला तेव्हा माझं काहीतरी गेलं. हसणारा माणूस मेला की काय मेलं ते कळतं. नुसता सोसणारा मेला की सुटला म्हणतो आपण. हिंदीवाल्यांनी 2018 साली याचाच 'धडक' केला आणि जात अशी पातळ केली की ताकातलं पाणी. मग खून कशासाठी झाला तेच समजेना.

चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'मध्ये गटारात उतरून मेलेल्या कामगाराची बायको साक्ष देते. रडत नाही. नवरा आधी दारू प्यायचा, खडा टाकून झुरळ वर येतं का बघायचा आणि मगच उतरायचा, हे ती बाजारभाव सांगावा तसं सांगते. आमची बाई अशीच बोलते. शाहीर नारायण कांबळे झालेले वीरा साथीदार 2021 साली कोरोनात गेले. त्यांना सलाम.

2025 साली नातवाबरोबर नीरज घायवान यांचा 'होमबाउंड' बघितला. चंदन आणि शोएब, जिवाभावाचे दोस्त. एक दलित, एक मुसलमान. दोघं पोलीस भरतीच्या मागं. चंदन आडनाव गाळून नाव सांगतो, फॉर्म जनरलमधून भरतो. टाळेबंदीत सुरतेहून घरी निघतात, चंदन वाटेत मरतो. पुन्हा मढं, असं म्हणून मी उठणार होतो. पण दोघांची चेष्टामस्करी डोक्यातून जाईना.

माझा नातूही भरतीची तयारी करतोय. त्यानं मोबाईलवर आडनाव लावलेलं नाही, हे मला ठाऊक होतं. कधी विचारलं नव्हतं. गाडीत तो म्हणाला, "आजोबा, चंदननं फॉर्म जनरलमधून भरला त्याचा मला राग नाही आला." मी म्हटलं, "मला आला." दादर येईपर्यंत दोघं गप्प. घरी आल्यावर मी त्याला माझ्या बाची गोष्ट पहिल्यांदा सांगितली. दिवसाचा जोहार आणि रात्रीचा पाटील. तो म्हणाला, "करून दाखवा." गुडघे धरलेले, तरी लुंगीचा सोगा हातात धरून मी स्वयंपाकघरात पाटील होऊन चाललो. खाकरलो. शिंकलो. पोरगं खदाखदा हसलं. आडनावाचं काय ते त्याचं त्यानं ठरवायचं. पण पणजा कसा होता ते आता त्याला माहीत आहे.

आमच्या पोरांच्या हातात आता कॅमेरे आलेत. त्यांना एवढंच सांगणं. आमचं मरण दाखवा, ते खोटं नाही. पण महारवाड्यातली ती रात्र पण दाखवा, ज्यात पाटलाची नक्कल होते, वाडा हसतो आणि कुणी मरत नाही. दीड तासाचा पिच्चर करा. गाणी नसली तरी चालतील. पहिलं तिकीट मी काढतो, पहिल्या रांगेचं.