चर्चसजावट, मावळ व पुणे परिसरातील

चर्चसजावट, मावळ व पुणे परिसरातील : कॅथलिक धर्मग्रामाच्या उपासनामंदिरातील मूर्ती, चित्रे, रंगीत काचा, वेदीचे कोरीवकाम, वस्त्रे व फुलांची मांडणी या सर्वांचा अंतर्भाव या संज्ञेत होतो. यांपैकी बहुतेक वस्तूंचे स्थान उपासनेच्या क्रमाने निश्चित झालेले असते. दर्शनी टोकाला वेदी, तिच्याजवळ पवित्र भाकर ठेवण्याची पेटी, वर क्रूसावरील ख्रिस्त, एका बाजूस मरिया, दुसऱ्या बाजूस योसेफ किंवा आश्रयदाता संत आणि दोन्ही भिंतींवर क्रूसाच्या वाटेचे १४ टप्पे, अशी ही सर्वसाधारण रचना असते. मूर्तीला दिलेला मान तिच्या द्रव्याला नसून ती ज्या व्यक्तीचे रूप दाखविते तिला असतो, असा निर्णय ट्रेंटच्या परिषदेने १५६३ मध्ये दिला. पुढील काळातील कॅथलिक धर्मकलेस याच निर्णयाचा आधार आहे.

मावळातील कॅथलिक वस्तीचा इतिहास मुख्यतः लोहमार्गाशी निगडित आहे. बोरघाटातील मार्ग १८६३ मध्ये खुला झाला आणि लोणावळ्यास रेल्वेचा इंजिन-कारखाना व कर्मचाऱ्यांची वसाहत उभी राहिली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील सरकारी गॅझेटियरमध्ये तेथील प्रॉटेस्टंट व रोमन कॅथलिक प्रार्थनामंदिरांची नोंद आढळते. पुण्याचा स्वतंत्र धर्मप्रांत १८८६ मध्ये स्थापन झाला. या भागातील धर्मकार्य त्या काळी व पहिल्या महायुद्धापर्यंत जर्मन जेज्वीटांकडे होते. गोव्यातील सोनेरी मुलाम्याच्या भव्य काष्ठवेदी किंवा वसईच्या दगडी दर्शनी भिंती यांमागे पोर्तुगीज राजसत्तेचा आश्रय होता. घाटमाथ्यावरील रेल्वेच्या गावांना तो लाभला नाही. पगारदार कुटुंबांच्या वर्गणीतून अशा ठिकाणी जी चर्च उभी राहतात, त्यांची वास्तू साधी आणि मूर्ती साच्यातल्या असणे स्वाभाविक आहे.

या साच्यातल्या मूर्तींविषयी कलासमीक्षकांचे मत फारसे अनुकूल नाही. पॅरिसमधील सॅन सुल्पिस चर्चच्या परिसरातील दुकानांवरून या प्रकाराला नावच पडले. गुलाबी गाल, वर वळलेले डोळे, निळा झगा ही त्याची ठळक लक्षणे होत. प्लॅस्टरच्या या मूर्ती एकोणिसाव्या शतकात जगभर गेल्या व त्यांच्या नकला सर्वत्र होऊ लागल्या. त्यांत शिल्पकाराच्या हाताचा ठसा नसतो, हा आक्षेप योग्यच आहे. मात्र मावळापुरता विचार केल्यास खरा दोष शैलीपेक्षा द्रव्यात आहे. लोणावळ्यास वर्षाला सरासरी सु. ४०० सेंमी. पाऊस पडतो. जिप्समचे प्लॅस्टर ओल शोषून घेते, त्यावरील रंगाला फोड येतात आणि आतील लोखंडी सळई गंजून फुगल्यामुळे बोटे व मनगटे तडकतात. मग मूर्ती चकचकीत तैलरंगात रंगविली जाते. दोनतीन वेळा असे झाले की डोळ्यांची व ओठांची मूळ रेषा नाहीशी होते. सागवान व काळा पाषाण ज्या प्रदेशाच्या हाताशी आहे, तेथे हे द्रव्य रूढ व्हावे हे चमत्कारिक वाटते.

चर्चच्या अंतर्भागाची मांडणी मात्र मावळास परकी म्हणता येत नाही. लोणावळ्याजवळील कार्ले येथील चैत्यगृह (इ. स. पू. पहिले शतक ते इ. स. पहिले शतक) सु. ३८ मी. लांब व सु. १४ मी. रुंद असून प्रत्येकी १५ स्तंभांच्या दोन रांगा मधला मंडप व बाजूच्या वाटा वेगळ्या करतात. मागील टोक अर्धवर्तुळाकार असून तेथे स्तूप आहे. वास्तुकलेचे इतिहासकार जेम्स फर्ग्युसन यांनी या मांडणीची तुलना प्रारंभीच्या ख्रिस्ती चर्चशी केली होती. हे साम्य उसनवारीचे नव्हे; समुदायाने एकत्र जमून एका पवित्र वस्तूकडे तोंड करावयाचे, या समान गरजेतून ते आले आहे. चैत्यगृहाच्या दर्शनी भागातून झिरपणारा प्रकाश स्तूपावर स्थिरावतो. चर्चच्या वेदीवर प्रकाश कसा पडावा, याचा याहून चांगला वस्तुपाठ परदेशी शोधण्याची आवश्यकता नाही.

भाषेच्या बाबतीत देशीकरण फार पूर्वीच झाले. इंग्लंडमधून गोव्यात आलेले जेज्वीट थॉमस स्टीफन्स यांनी बायबलमधील कथा मराठी ओवीत बांधली आणि त्यांचे क्रिस्तपुराण १६१६ मध्ये रोमन लिपीत छापले गेले. मरियेच्या तोंडी मराठी आली. तिच्या मूर्तीचा चेहरा मात्र युरोपीयच राहिला. तरीही भाविकांनी आपल्या परीने वाट काढली. वांद्र्याच्या टेकडीवरील मरिया मुंबईच्या कोळ्यांची मोत माउली झाली. तिच्यापुढे ख्रिस्ती कोळ्यांबरोबर हिंदू कोळीही नवस बोलतात आणि कार्ल्याच्या चैत्यगृहापुढील एकवीरा आईच्या यात्रेलाही कोळी समाज लोटतो. वसईच्या १७३९ च्या मोहिमेनंतर चर्चच्या घंटा देवळांत आल्या. मावळच्या शेजारच्या खेड तालुक्यातील भीमाशंकर येथे अशी एक घंटा आहे. वाईजवळील मेणवलीच्या घंटेवर तर बाळ येशूला घेतलेली मरिया ओतीव कामात दिसते आणि शिवमंदिरात तिच्यामुळे आजवर काही बिघडलेले नाही.

देशी रूपाचा जाणीवपूर्वक शोध पुण्यात अँजेलो दा फोन्सेका (१९०२–६७) यांनी घेतला. गोव्यातील सांत इस्तेव येथे जन्मलेल्या या कॅथलिक चित्रकाराने अवनींद्रनाथ टागोरांकडे बंगाली शैलीचे शिक्षण घेतले. त्यांनी साडी नेसलेली, सावळी मरिया रंगविली आणि गोव्यात त्यावर रोष ओढवून घेतला. पुढे त्यांचे वास्तव्य पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात होते. जॅक विन्स्लो यांनी स्थापिलेला हा आश्रम मूळचा अँग्लिकन, हे ध्यानात घेण्यासारखे आहे : कॅथलिक धर्मग्रामांना जी मरिया नकोशी झाली, तिला आसरा दुसऱ्या पंथाने दिला. कॅथलिकांमध्ये त्यांना पाठबळ दिले ते मुंबईच्या सेंट झेव्हिअर महाविद्यालयातील इतिहाससंशोधक हेन्री हेरास (१८८८–१९५५) यांनी.

फोन्सेकांच्या चित्रांतील करुणा संयत आहे. त्यांची मरिया भाविकाकडे पाहून याचना करीत नाही. ती आपल्या कामात वा ध्यानात मग्न असते. सॅन सुल्पिस पद्धतीच्या मूर्तीपेक्षा ती अधिक धार्मिक आहे, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही. तथापि धर्मग्रामांनी ती स्वीकारली नाही याचे सारे खापर वर्णाभिमानावर फोडणेही न्याय्य ठरणार नाही. कागदावरील धूसर जलरंगाचे हे तंत्र हातात धरून न्याहाळण्याचे आहे. चर्चच्या शेवटच्या बाकावरून, मेणबत्त्यांच्या धुरापलीकडे, नाजूक रेषा दिसत नाही. रंगीत मूर्ती दिसते. बंगाली शैलीने पुस्तकाचे पान व दालनाची भिंत जिंकली, मोठ्या वास्तूचा प्रश्न तिने पुरता सोडविला नाही. या चित्रांतील रूप मावळच्या पाषाणात किंवा सागवानात कोणी कोरले असते, तर निकाल कदाचित निराळा लागला असता. फोन्सेकांच्या चित्रांचा मोठा संग्रह आता गोव्यातील पर्वरी येथील झेव्हिअर इतिहास संशोधन केंद्रात आहे. समकालीनांपैकी अँजेला त्रिंदाद (१९०९–८०) यांनीही भारतीय वेषातील मरिया रंगविली.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ च्या उपासनाविषयक संहितेत सर्व लोकसमूहांच्या कलेला चर्चमध्ये मुक्त स्थान दिले. डामडौलापेक्षा उदात्त सौंदर्य श्रेयस्कर मानले आणि मूर्तींची संख्या मर्यादित असावी असे सुचविले. याचा अर्थ अनेक देशांत जुन्या वेदी उखडून टाकणे असा घेतला गेला. वस्तुतः त्याच संहितेत मौल्यवान धर्मवस्तू विकल्या वा विखुरल्या जाऊ नयेत अशीही ताकीद आहे, पण तिचे स्मरण नूतनीकरणाच्या उत्साहात क्वचितच राहते. देशीकरणाच्या नावाखाली भिंतीवर ॐ, कमळ व समई यांची गर्दी करणे हाही उपाय नव्हे. एका साच्याऐवजी दुसरा साचा आला, इतकाच त्यातून निष्पन्न होणारा फरक.

लहान धर्मग्रामांतील अस्सल स्थानिक कला बहुधा टिकाऊ वस्तूंत आढळत नाही. नाताळचा गोठा गवत, माती व कामट्यांचा. त्यातील डोंगर सह्याद्रीच्या उतारांसारखे आणि मेंढपाळ कधीकधी घोंगडी पांघरलेले. वेदीवर झेंडू व शेवंती, मरियेच्या गळ्यात मोगऱ्याचा हार. बांबूच्या कामट्यांवर रंगीत कागद चिकटवून केलेला चांदणीचा कंदील दिवाळीच्या आकाशकंदिलाच्याच रीतीने बांधतात. फरक पाच टोकांचा.