दुभाष्याचे इमान

आमच्या शाळेच्या संगणककक्षातून बाद झालेला एक संगणक गेल्या वर्षी लिलावात निघाला. पेंटियम-४ जातीचा, ५१२ एमबी मेमरीचा. भंगारवाल्याने वजनावर भाव केला होता. मी थोडे अधिक पैसे मोजून, रीतसर पावती करून तो घरी आणला. हेडमास्तर त्यावर व्हिडिओ गेम खेळतात ही वार्ता शिक्षकांच्या खोलीत पोहोचल्यावर जी कुजबुज झाली, ती ऐकू आली नाही असे मी दाखवले. आज लिहायचे आहे ते त्याच संगणकाविषयी. आणि ते आपल्या, दोन भाषांत राहणाऱ्या माणसांच्या, जगण्यापासून फार दूर नाही.

नव्वदच्या दशकात आपल्याकडे टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम अनेक घरांत आला. निन्टेंडो कंपनीने १९८३ साली जपानमध्ये काढलेल्या ‘फॅमिकॉम’ यंत्राच्या त्या बहुतांशी नकला. वरच्या खाचेत कॅसेट खुपसायची. चालली नाही की फुंकर मारायची. माझ्या मुलाचे यंत्र माळ्यावर पडून निकामी झाले. मुलगा आता बेंगळुरूला असतो. दिवाळीला आला तेव्हा त्याने या जुन्या संगणकावर ‘इम्युलेटर’ नावाचा प्रोग्राम बसवला, आणि त्याच्या लहानपणीचा मारिओ पुन्हा उड्या मारू लागला.

इम्युलेटर म्हणजे दुभाष्या. फॅमिकॉमची स्मरणशक्ती अवघी २ केबी आणि प्रोसेसरचा वेग १.७९ मेगाहर्ट्झ. खेळ लिहिला गेला तो त्या यंत्राच्या भाषेत. आजचा संगणक ती भाषा जाणत नाही. इम्युलेटर खेळाची एकेक आज्ञा वाचतो, तिचा अर्थ संगणकाकडून घडवून घेतो, आणि जुने यंत्र अजून समोरच आहे अशी खेळाची समजूत घालतो.

दुभाष्यांचा आपल्याला अनुभव आहे. मी लहान असताना आजीला एका कचेरीत जमिनीच्या तंट्यात जबाब द्यायचा होता. ती म्हणाली, “बांध आमचा असावा. मामंजी तसं म्हणायचे.” दुभाष्याने कन्नडमध्ये लिहवले, ‘बांध आमचा आहे.’ म्हातारीचे अडखळते बोलणे आपण नीटनेटके केले, असेच त्याला वाटले असणार. पण त्या गाळलेल्या ‘असावा’पायी शेजारच्या भाऊबंदांशी आमच्या घराचे अकरा वर्षे बोलणे नव्हते. सुधारून सांगणारा दुभाष्या खोटे बोलणाऱ्यापेक्षा अधिक घातक ठरू शकतो, हे मी तेव्हा शिकलो.

इम्युलेटरलाही मी हीच कसोटी लावतो. फॅमिकॉमला पडद्याच्या एका आडव्या रेघेवर हलत्या चित्रांचे आठच तुकडे दाखवता येत. नववा आला की तो गळे. म्हणून शत्रूंची गर्दी झाली की चित्रे लुकलुकत. अनेक इम्युलेटरांत ही मर्यादा उठवण्याची सोय असते. मी ती सुरू केली. चित्र स्वच्छ झाले आणि मला आनंद झाला. मग मुलाने ‘कॅसलव्हेनिया-२’ लावला. हा कोनामी कंपनीचा १९८७ सालचा खेळ. त्यातला नायक दलदलीत शिरतो तेव्हा त्याचे पाय दिसेनासे व्हावे लागतात. लिहिणाऱ्यांनी काय केले? खालच्या रेघांवर आठ कोरे तुकडे आधीच मांडून ठेवले, म्हणजे पायांना जागाच उरत नाही! यंत्राच्या उणिवेतून त्यांनी दलदल निर्माण केली. मर्यादा सरसकट उठवली की रुतलेल्या माणसाचे पाय चिखलावर दिसू लागतात. दोष काढला आणि अर्थही गेला. जुन्या पोथीतला अपरिचित शब्द चुकीचा समजून बदलणारा लेखनिक याहून निराळे काय करतो?

सुपर निन्टेंडो या पुढच्या यंत्राची गोष्ट अधिक अवघड. ‘एअर स्ट्राइक पॅट्रोल’ या खेळात विमानाखाली त्याची सावली पडते आणि तिच्यावरून नेम धरायचा असतो. ती सावली रेघ रेखाटली जात असतानाच मध्ये बदल करून साधलेली आहे. घाईने काम उरकणारे इम्युलेटर पूर्ण रेघ एका दमात काढतात, सावली गायब. ‘बीएसनेस’ हा इम्युलेटर लिहिणारे ‘निअर’ या टोपणनावाचे प्रोग्रामर यांनी २०११ साली मांडले होते की त्या यंत्राची तंतोतंत नक्कल करायची तर सुमारे ३ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर लागतो. इमानाला कष्ट पडतात, ते असे.

याहून उद्बोधक प्रकार हौशी भाषांतरांचा. जपानी खेळ इंग्रजीत आणणाऱ्या काहींनी आपले काम फक्त त्या काळच्या घाईच्या इम्युलेटरांवर तपासले. परिणाम असा की काही भाषांतरे खऱ्या यंत्रावर चालेनात. दुभाष्याची चूक हीच भाषा समजून लिहिले की मूळ भाषिकाला ते कळत नाही. आपल्या गावांतल्या पाट्या आणि परिपत्रके वाचणाऱ्यांना हे अधिक समजावून सांगायला नको.

तरीही दुभाष्या हवाच. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम इतिहासाच्या एका संस्थेने २०२३ साली दाखवून दिले की तेथे २०१० पूर्वी निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ बाजारात विकत मिळतच नाहीत. यंत्रे गंजतात, कॅसेटी मरतात. इम्युलेटर लिहिणे हा गुन्हा नव्हे, हे तिथल्या न्यायालयाने सोनी आणि कनेक्टिक्स यांच्या खटल्यात २००० साली मान्य केले. खेळांच्या नकला वाटणे हा मात्र वेगळा प्रश्न. त्यांवर मालकांचा हक्क आहे, आणि विद्यार्थ्यांना कॉपी करू नका म्हणणाऱ्या माणसाने तो विसरून चालणार नाही.

तेव्हा माझा अभिप्राय असा. जुन्या संगणकावर फॅमिकॉमचे खेळ नेकीने चालवता येतात. तेवढी त्याची ताकद आहे. सुपर निन्टेंडोचा काटेकोर इम्युलेटर त्याला झेपत नाही. आवाज अडखळतो, चित्र रेंगाळते. त्याच्याकडून ते काम घेऊ नये. मर्यादा उठवण्याची सोय मी बंद ठेवली आहे. चित्र लुकलुकते, लुकलुकू दे. आजीचा ‘असावा’ मला आता कुणाकडूनही पुसून घ्यायचा नाही.