टीकाकार कोणाला म्हणायचे?

'टीकाकार' म्हणजे कोण, असे मी वर्गात विचारले की विद्यार्थी 'दोष काढणारा' असे उत्तर देतात. मूळ अर्थ तसा नाही. टीका म्हणजे ग्रंथाचा अर्थ उलगडून सांगणे. पाली परंपरेत त्रिपिटकावर अट्ठकथा आणि अट्ठकथेवर टीका आहेत. मल्लिनाथ हा कालिदासाचा टीकाकार. 1290 ची 'ज्ञानेश्वरी' ही गीतेवरील टीका. हे कोणी दोष काढायला बसले नव्हते.

मग दलित साहित्याच्या वाट्याला कोणता टीकाकार आला? 1972 साली नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला. विजय तेंडुलकरांनी ते अनोळखी जग कवीकडूनच समजून घेतले आणि प्रस्तावना लिहिली. हे जुन्या अर्थाने टीकाकाराचे काम होते. पुष्कळांनी मात्र 'दुर्बोध', 'शिवराळ', 'प्रचारकी' असे शिक्के मारले. म्हणजे कालिदास कळला नाही तर टीका वाचायची आणि ढसाळ कळला नाही तर टीका करायची! न कळण्याचा दोष एकदा वाचकाचा, एकदा कवीचा. हा न्याय साहित्याचा नव्हे, जातीचा आहे.

आपल्या लेखनातले दोष आपण दाखवलेच पाहिजेत. पण त्याआधी अर्थ सांगणारे टीकाकार आपल्या वर्गांतून, वस्त्यांतून उभे राहिले पाहिजेत.