बीज सोडले म्हणजे संवर्धन झाले?

नदीतले मासे कमी झाले की मत्स्यबीज आणून सोडायचे, हा उपाय आपल्याकडे इतका रूढ झाला आहे की त्याची चिकित्सा क्वचितच होते. कावेरीच्या उदाहरणावरून ती करणे आम्हाला आवश्यक वाटते.

दख्खनी महासीर (टॉर खुद्री) ही आपल्या नद्यांतली जात. कर्नल सायक्सने १८३९ मध्ये तिचे वर्णन केले, तेव्हा नावही स्थानिक बोलीतूनच घेतले. लोणावळ्याला तिचे कृत्रिम प्रजनन साधले, हे मोठे यश होते यात शंका नाही. परंतु तेथील पिल्ले कावेरीतही सोडली गेली. कावेरीत कुबड असलेली महासीरची वेगळी जात मुळातच होती. गळाने मासे धरून परत सोडणाऱ्या छावण्यांच्या १९९८ ते २०१२ या काळातील नोंदी तपासल्यावर पाहुणी जात वाढत आणि मूळची घटत गेल्याचे दिसले. ही घट केवळ पाहुण्यांमुळे झाली, असे म्हणता येणार नाही. धरणे, वाळूउपसा आणि सुरुंगाने होणारी मासेमारीही विचारात घ्यावी लागते. मात्र मूळ जातीचे शास्त्रीय नाव (टॉर रेमादेवी) २०१८ मध्ये निश्चित झाले आणि त्यानंतरच ती 'अतिसंकटग्रस्त' म्हणून लाल यादीत आली. म्हणजे कोणता मासा वाचवायचा हे ठरण्याआधीच दुसरा सोडून झाला होता!

या छावण्यांत पूर्वी चोरटी मासेमारी करणारे काही जण वाटाडे आणि राखणदार झाले होते. २०१२ मध्ये संरक्षित क्षेत्रातील गळाच्या मासेमारीवर बंदी आली, छावण्या मिटल्या आणि त्यांच्याबरोबर राखण व नोंदीही थांबल्या.

मग सारे लोकांच्या श्रद्धेवर सोपवावे काय? महाडजवळ वाळणकोंडीच्या डोहातील मासे देवीचे मानून गावकरी त्यांना मारत नाहीत. डोह राखला गेला तो यामुळेच. पण महासीर विणीसाठी पावसाळ्यात प्रवाहाच्या उलट वर चढतो. डोहाबाहेर देवीची आण चालत नाही. तेथे वरच्या गावांशी बोलणी, विणीच्या जागांचा शोध आणि वाहते पाणी हवे. ती माहिती मासेमारांकडे असते, आणि तिची पडताळणी हे आमचे काम आहे.

शिक्षकांनी याची सुरुवात वर्गातून करावी. गावातल्या मासेमारांना विचारून नदीतल्या माशांची नावे, ते कोठे व कोणत्या महिन्यात दिसतात आणि कोणते दिसेनासे झाले, याची यादी विद्यार्थ्यांकडून करून घ्यावी. बीज सोडण्यापूर्वी निदान एवढी यादी हाती असायला हवी.