गॉथ संगीत व उपसंस्कृती

गॉथ संगीत व उपसंस्कृती : ब्रिटनमध्ये १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस पंक रॉकच्या ओसरत्या लाटेतून निर्माण झालेला रॉक संगीताचा एक प्रकार आणि त्याच्याभोवती जमलेला चाहत्यांचा समाज. संगीतप्रकाराला ‘गॉथिक रॉक’ असेही म्हणतात. काळा पोशाख, पांढरा केलेला चेहरा, गडद रंगविलेले डोळे व ओठ, तसेच मृत्यू, भय आणि एकाकीपणा ह्या विषयांची ओढ ही त्याची सर्वपरिचित लक्षणे होत. ह्या संज्ञेच्या वापरात मात्र एक विसंगती आहे. ज्या बँडांमुळे ती रूढ झाली, त्यांतील प्रमुखांनी ती वेळोवेळी नाकारली. उलट त्यांच्या चाहत्यांनी ती आपलीशी केली आणि चार दशकांहून अधिक काळ टिकविली. प्रकारनामे कलावंतांना व त्यांच्या रसिकांना कितपत लागू पडतात, हा समीक्षेतील एक मूलभूत प्रश्न असून त्याचे स्वरूप गॉथच्या उदाहरणात विशेष स्पष्टपणे दिसते.

संज्ञेचा पूर्वेतिहास : ‘गॉथ’ हे मूळ एका जर्मानिक जमातीचे नाव. ४१० मध्ये रोम शहर लुटणारे व्हिसिगॉथ हे ह्याच जमातीची एक शाखा होत. प्रबोधनकाळातील इटालियन लेखकांनी, विशेषतः जॉर्जो व्हाझारी (१५११–७४) ह्याने, मध्ययुगीन वास्तुशैलीला रानटी ठरविण्यासाठी तिचा संबंध गॉथांशी जोडला. ज्यांनी ती कॅथीड्रले उभारली, त्यांचा गॉथ जमातीशी वस्तुतः काहीही संबंध नव्हता. अठराव्या शतकात ह्या शब्दातील निंदा ओसरू लागली. हॉरिस वॉल्पोल (१७१७–९७) ह्याने आपल्या ‘द कॅसल ऑफ ऑट्रँटो’ (१७६४) ह्या कादंबरीच्या दुसऱ्या आवृत्तीस (१७६५) ‘गॉथिक कथा’ असे उपशीर्षक दिले आणि तेव्हापासून भग्न वाडे, अंधारी भुयारे व अतिमानवी घटना ह्यांनी युक्त अशा साहित्याला हे नाव मिळाले. म्हणजे संगीतात येण्यापूर्वीच ह्या शब्दाचे दोनदा स्थलांतर झालेले होते. परक्यांनी तो निंदेसाठी वापरावा आणि नंतर कोणी तो अभिमानाने स्वीकारावा, हा क्रमही नवा नव्हता.

रॉक संगीताच्या संदर्भात हे विशेषण जॉन स्टिकनी ह्या समीक्षकाने १९६७ मध्ये ‘द डोअर्स’ ह्या अमेरिकन बँडविषयी वापरले होते. परंतु त्यातून कोणताही प्रकार सिद्ध झाला नाही. १९७९ मध्ये जॉय डिव्हिजन ह्या बँडच्या संगीताचे वर्णन करताना फॅक्टरी रेकॉर्ड्स ह्या संस्थेचे टोनी विल्सन (१९५०–२००७) व ध्वनिमुद्रण-निर्माते मार्टिन हॅनेट (१९४८–९१) ह्यांनीही त्याचा आधार घेतला. फेब्रुवारी १९८३ मध्ये ‘न्यू म्युझिकल एक्स्प्रेस’ ह्या लंडनच्या साप्ताहिकात रिचर्ड नॉर्थ ह्या पत्रकाराने नव्या बँडांच्या एका समूहासाठी ‘पॉझिटिव्ह पंक’ असे वेगळेच नाव सुचविले. हे नाव अल्पकाळात मागे पडले. जवळपास त्याच काळी, त्याच परिसरासाठी वापरलेल्या ‘गॉथ’ ह्या शब्दाने मात्र मूळ धरले. दोन्ही नावे बाहेरून आलेली होती. त्यांपैकी जे चाहत्यांनी स्वतःच्या तोंडी घेतले तेच जगले, ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

सांगीतिक लक्षणे : गॉथिक रॉकची काही लक्षणे निश्चित सांगता येतात. बेस गिटार केवळ तालाला आधार न देता चाल पुढे नेते. जॉय डिव्हिजनच्या पीटर हुक ह्याच्या वरच्या पट्टीतील बेसवादनाचा ठसा येथे स्पष्ट आहे. ड्रमवादनात झांजांपेक्षा टॉम ह्या घुमणाऱ्या ड्रमांवर भर असतो. विद्युत्-उपकरणांच्या साहाय्याने गिटारचे स्वर पसरट व प्रतिध्वनियुक्त केले जातात. पुरुषगायकाचा आवाज बहुधा खर्जाकडे झुकतो. सूझी अँड द बॅन्शीज ह्या बँडची ‘जूजू’ (१९८१) ही ध्वनिमुद्रिका ह्या दृष्टीने प्रातिनिधिक मानली जाते.

तथापि ही लक्षणे एकत्र करूनही प्रकाराची सीमारेषा आखता येत नाही. नॉर्दॅम्प्टन येथील बाउहाउस (स्थापना १९७८) ह्या बँडचे ‘बेला लुगोसीज डेड’ (१९७९) हे नऊ मिनिटांहून दीर्घ गीत गॉथचा आरंभबिंदू समजले जाते. १९३१ च्या ‘ड्रॅक्युला’ चित्रपटात प्रमुख भूमिका करणाऱ्या बेला लुगोसी (१८८२–१९५६) ह्या हंगेरियन-अमेरिकन नटाच्या निधनाचा त्यात उल्लेख असून त्यामागे विनोदाची एक छटा आहे. त्यातील पोकळ अवकाश व दीर्घ प्रतिध्वनी जमेकाच्या ‘डब’ ह्या ध्वनितंत्रातून आलेले आहेत. ह्याच बँडला १९८२ मध्ये मिळालेले व्यापारी यश डेव्हिड बोवी (१९४७–२०१६) ह्याच्या गीताच्या पुनर्गायनाचे होते. म्हणजे आरंभबिंदूतच जमेकन तंत्र, ग्लॅम रॉकचा नखरा आणि भयपटाची थट्टा ही तीन वेगळी सूत्रे गुंफलेली आहेत. ‘गॉथिक’ ह्या शब्दाने तिसऱ्या सूत्राची केवळ बाह्य बाजू, म्हणजे भय, तेवढी टिपली, थट्टा निसटली.

बँडांचा नकार : लीड्स येथील द सिस्टर्स ऑफ मर्सी (स्थापना १९८०) ह्या बँडचा प्रमुख अँड्र्यू एल्ड्रिच ह्याने गॉथ हे नाव सातत्याने झिडकारले. ‘फर्स्ट अँड लास्ट अँड ऑलवेज’ (१९८५) व ‘फ्लडलँड’ (१९८७) ह्या त्याच्या ध्वनिमुद्रिका गॉथ संगीताच्या आदर्श समजल्या जात असताना तो स्वतःचे संगीत केवळ रॉक म्हणून ओळखले जावे असा आग्रह धरीत राहिला. द क्यूअर ह्या बँडचा गायक रॉबर्ट स्मिथ (१९५९– ) ह्यानेही हे नाव नाकारले. अशा नकारांकडे कलावंतांचा अहंकार म्हणून पाहण्याची प्रवृत्ती आढळते. ती योग्य नाही. प्रकारनाम पक्के झाले की कलावंताची पुढील प्रत्येक कृती त्या नावाच्या मापाने मोजली जाते आणि मापात न बसणारी कृती विश्वासघात ठरते, ही भीती निराधार नसते.

द क्यूअरचा प्रवास ह्या दृष्टीने उद्‌बोधक आहे. ‘सेव्हंटीन सेकंड्स’ (१९८०), ‘फेथ’ (१९८१) व ‘पॉर्नोग्राफी’ (१९८२) ह्या तीन ध्वनिमुद्रिका उत्तरोत्तर अधिक काळोख्या होत गेल्या. त्यानंतरच्या वर्षी ह्याच बँडने ‘द लव्हकॅट्स’ (१९८३) हे जॅझच्या लकबीचे खेळकर गीत प्रसिद्ध केले आणि ते लोकप्रिय ठरले. पुढे ‘डिसइंटिग्रेशन’ (१९८९) मध्ये जुना गडदपणा परतला. ‘द क्यूअर हा गॉथ बँड आहे काय?’ ह्या प्रश्नाला म्हणूनच उत्तर नाही; ‘पॉर्नोग्राफी ही गॉथ ध्वनिमुद्रिका आहे काय?’ ह्याला आहे. सदर्न डेथ कल्ट ह्या ब्रॅडफर्डच्या बँडचे उदाहरण अधिकच बोलके आहे. १९८३ मध्ये तो विसर्जित झाल्यावर त्याचा गायक इअन अ‍ॅस्टबरी ‘द कल्ट’ ह्या बँडद्वारे ‘इलेक्ट्रिक’ (१९८७) सारख्या सरळ हार्ड रॉककडे वळला. तर पाकिस्तानी वंशाचा ड्रमवादक अकी नवाझ ह्याने पुढे ‘फन-दा-मेंटल’ हा बँड स्थापून हिप-हॉप व दक्षिण आशियाई संगीताच्या मिश्रणातून वंशभेदविरोधी राजकीय गीते रचली. एकाच ‘गॉथ’ बँडमधून निघालेल्या ह्या दोन वाटा पाहता प्रकारनाम हे बँडचा स्वभाव सांगत नाही, तर त्याच्या कार्यातील एखादी अवस्था सांगते, असेच म्हणावे लागते.

हिंदुस्थानी संगीतातील घराण्याच्या नावाशी तुलना केल्यास हा भेद अधिक स्पष्ट होईल. घराण्याचे नाव गुरुपरंपरेने येते. गायक ते स्वतः सांगतो आणि त्या नावामागील शिस्तीला बांधील असतो. रॉकमधील प्रकारनामामागे अशी दीक्षा नसते. ते बहुधा पत्रकार, ध्वनिमुद्रिकांचे विक्रेते व कार्यक्रमांचे आयोजक आपल्या सोयीसाठी देतात. त्यामुळे ते नाकारणाऱ्या कलावंतावर परंपराद्रोहाचा आरोप करता येत नाही.

चाहत्यांचा स्वीकार : चाहत्यांची गोष्ट वेगळी आहे. जुलै १९८२ मध्ये लंडनच्या सोहो भागात ‘बॅटकेव्ह’ हा क्लब सुरू झाला. तेथील संगीतात ग्लॅम रॉकचा भाग मोठा होता. पण वेशभूषा व केशभूषा ह्यांचा एक नमुना तेथून देशभर पसरला. १९९० नंतरच्या दशकात, वृत्तपत्रांचे लक्ष अन्यत्र वळल्यानंतर, हा समाज स्वतःच्या बळावर संघटित झाला. जर्मनीत लाइपसिक येथील ‘वेव्ह-गोटिक-ट्रेफेन’ हा महोत्सव १९९२ मध्ये, तर इंग्लंडमध्ये व्हिटबी येथील मेळावा १९९४ मध्ये सुरू झाला. ब्रॅम स्टोकरच्या ‘ड्रॅक्युला’ (१८९७) ह्या कादंबरीतील काही प्रसंग व्हिटबीत घडतात, हे त्या गावाच्या निवडीमागील औचित्य. ह्याच काळात गॉथ क्लबांत विद्युत्-वाद्यांवरील नृत्यसंगीताचे प्रमाण वाढत गेले. गिटार मागे पडली, ताल बदलला. परंतु माणसे, त्यांची एकमेकांना ओळखण्याची रीत आणि नाव ही कायम राहिली. संगीत बदलूनही नाव टिकते ह्याचा अर्थ असा, की ते नाव मुख्यतः संगीताचे नव्हतेच. ते त्या संगीताच्या निमित्ताने एकत्र आलेल्या समाजाचे होते.

अभ्यासकांतील वाद : बर्मिंगहॅम विद्यापीठातील समकालीन सांस्कृतिक अभ्यासकेंद्राने १९७० नंतरच्या दशकात युवकांच्या उपसंस्कृतींचा अर्थ वर्गसंघर्षाच्या चौकटीत लावला. डिक हेब्डिज ह्याचा ‘सबकल्चर : द मीनिंग ऑफ स्टाइल’ (१९७९) हा ग्रंथ ह्या विचाराचे प्रसिद्ध फलित होय. पोशाखातील प्रत्येक टाचणीत प्रतिकार वाचणारी ही पद्धत आकर्षक होती. परंतु त्या टाचणीविषयी ती लावणाऱ्याला काय वाटते, हे तीत क्वचितच विचारले गेले. १९९९ मध्ये अँडी बेनेट ह्याने उपसंस्कृती ही कल्पनाच त्याज्य ठरविली आणि फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मिशेल माफेसोली ह्याच्या विचारांच्या आधारे आधुनिक तरुण केवळ सैल, बदलत्या ‘नवटोळ्यां’त वावरतात असे प्रतिपादन केले. पॉल हॉडकिन्सन ह्याने ‘गॉथ : आयडेंटिटी, स्टाइल अँड सबकल्चर’ (२००२) ह्या ग्रंथात प्रत्यक्ष सहभागावर आधारलेला अभ्यास मांडून ह्या मताला मर्यादा घातली. वेगळेपणातील सातत्य, सामूहिक ओळखीची जाणीव, बांधिलकी आणि स्वायत्तता ह्या चार निकषांवर गॉथ समाज हा सैल टोळी नसून खराखुरा समाज ठरतो, असे त्याने दाखविले. गॉथांच्या बाबतीत त्याचा निष्कर्ष अधिक ग्राह्य वाटतो. कारण तो पोशाखाच्या अर्थावर नव्हे, तर लोक काय करतात व स्वतःला काय म्हणवितात ह्यांवर उभा आहे.

शिक्क्याचे परिणाम : प्रकारनामांचा वाद केवळ रसिकांच्या हौसेचा नाही. एप्रिल १९९९ मध्ये अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात कोलंबाइन हायस्कूल येथे दोन विद्यार्थ्यांनी गोळीबार करून अनेकांचे प्राण घेतले. प्रसारमाध्यमांनी त्यांना तत्काळ गॉथ ठरविले व गायक मॅरिलिन मॅन्सन ह्याचे चाहते म्हणून जाहीर केले. ह्या दोन्ही गोष्टी पुढे खोट्या ठरल्या; तोपर्यंत मॅन्सनला आपल्या दौऱ्यातील उरलेले कार्यक्रम रद्द करावे लागले होते आणि काळे कपडे घालणारी मुले अनेक शाळांत संशयास पात्र झाली होती. ऑगस्ट २००७ मध्ये इंग्लंडमधील लँकाशर परगण्यातील बेकप येथे उद्यानात एका तरुण जोडप्यावर किशोरवयीन मुलांच्या टोळक्याने हल्ला केला. त्यात तरुणीचा मृत्यू झाला. त्या दोघांचा वेश गॉथ पद्धतीचा होता, ह्यापलीकडे हल्ल्यास कारण नव्हते. २००८ मध्ये शिक्षा सुनावताना न्यायाधीशांनी हा द्वेषमूलक गुन्हा असल्याचे नमूद केले. २०१३ मध्ये ग्रेटर मँचेस्टर पोलिसांनी अशा उपसंस्कृतींतील व्यक्तींवरील हल्ल्यांची नोंद द्वेषमूलक गुन्हे म्हणून करण्यास प्रारंभ केला. ह्या निर्णयाने नोंदणीची पद्धत बदलली. कायद्यातील शिक्षावाढीच्या तरतुदी त्यामुळे बदलल्या नाहीत.

ह्या दोन घटना परस्परविरोधी दिशांनी एकच गोष्ट सांगतात. कोलंबाइनमध्ये नाव चुकीच्या माणसांना लावले गेले आणि त्याचा भार निरपराध समाजाला वाहावा लागला. बेकपमध्ये हल्लेखोरांना बँडांची नावे वा संगीतातील भेद ठाऊक असण्याची गरजच नव्हती. केवळ वेश पुरेसा झाला. ‘गॉथ असे काही नसतेच’ हे कलावंताचे मत कितीही सयुक्तिक असले, तरी ज्याच्यावर त्या नावाने हल्ला होतो त्याला ते उपयोगी पडत नाही. उलट संरक्षण मागण्यासाठीही त्याला तेच नाव उच्चारावे लागते.

मूल्यमापन : एकच शब्द कृती, कलावंत व चाहते ह्या तीन भिन्न गोष्टींना लावला जातो आणि वादाचे मूळ ह्या सरमिसळीत आहे. कृतीच्या बाबतीत ‘गॉथ’ ही वर्णनात्मक संज्ञा असून ध्वनिमुद्रिका ऐकून तिची शहानिशा करता येते. १९७९ ते १९८७ ह्या काळातील काही कृतींना ती नेमकी लागू पडते. कलावंताच्या बाबतीत ती भाकीत ठरते, कारण त्याने पुढे काय करावे हे ती सुचविते. म्हणून येथे ती सर्वांत दुबळी असून कलावंताचा नकार ग्राह्य धरणे इष्ट होय. चाहत्यांच्या बाबतीत मात्र ती वर्णनही नाही व भाकीतही नाही. ती एक कबुली आहे. जो स्वतःस गॉथ म्हणवितो आणि ज्याला इतर गॉथ तसे मानतात, त्याच्यापुरते ते नाव यथार्थ ठरते. मग त्याच्या आवडत्या बँडने ते नाकारलेले का असेना. तिऱ्हाइताने ते एखाद्याच्या कपड्यांवरून ठरवावे, ह्याला समीक्षेत आधार नाही आणि इतिहासाने त्याची किंमत दाखवून दिली आहे. बँडचा नकार व चाहत्याचा स्वीकार ह्यांत म्हणूनच खरा विरोध नाही. पहिला आपल्या पुढील कृतीचे स्वातंत्र्य राखतो, तर दुसरा आपल्या माणसांत राहण्याचा हक्क सांगतो.